दार उघडलं की मत पडलं

नव्वदीला टेकलेला एक माणूस गेली सहा वर्षं कोमट सौनात बसतोय, आणि त्याला कारण मी आहे.

हे वाचून कुणाला हसू आलं तर येऊ द्यावं. मलाही लिहिताना येतंय. पण फिनिश माणसानं कोमट सौनात बसणं म्हणजे कोल्हापूरकरानं तांबड्या रश्शात साखर घालणं. एक लाकडी खोली, भट्टीवर तापलेले दगड, त्यांवर ओगराळ्यानं पाणी टाकायचं आणि फस्सकन उठणारी वाफ डोळे मिटून अंगावर घ्यायची, यातच त्यांचा जीव. आणि हा माणूस पाणी टाकायलाच घाबरतो. त्याच्या समजुतीप्रमाणे एकदा त्याच्या हातून एक ओगराळं जास्त पडलं, बिचाऱ्या भारतीयाला चक्कर आली, तो उठून बाहेर गेला आणि त्यापायी एक अख्खा क्लब कायमचा बंद झाला.

बिचारा भारतीय म्हणजे मी. मला चक्कर वगैरे काही आली नव्हती.

मी कमी बोलतो. बायकोच्या मते मी फक्त ‘हो’ बोलतो, आणि ते सगळ्यांना बोलतो. या गोष्टीचं मूळ तिथेच आहे, पण सुरुवात लगोरीपासून करावी लागेल.

अमेरिकेत रेडमंडला आम्ही नवे असताना आमच्या मराठी मंडळाला संक्रांतीसाठी हॉल मिळेना. कुणीतरी शोधून काढलं की चाळीस मिनिटांवर, झाडीत, एक जुना लाकडी हॉल आहे, कुठल्याशा फिनिश क्रीडा क्लबाचा. गेलो. तिळगूळ वाटून झाला, बायका आवरायला लागल्या, आणि आम्ही पुरुषांनी मदत करतोय असं दाखवत उरलेल्या प्लास्टिकच्या वाट्यांची लगोरी रचली. माझ्या ऑफिसातला एक नागपूरकर होता. त्यानं टेनिस बॉल असा काही फेकला की लगोरी राहिली बाजूला, भिंतीवरच्या फळीवरचा चांदीचा कप खाली आला आणि गडगडत थेट दारापर्यंत गेला. दारात किल्ल्यांचा जुडगा घेऊन एक उंच म्हातारा उभा.

आम्ही शाळेतल्या पोरांसारखे ओळीत उभे. त्यानं कप उचलला, बाहीला पुसला, जागेवर ठेवला. मग नागपूरकराकडे बोट दाखवून म्हणाला, “तू फेकतोस.”

“येस सर. सॉरी सर.”

मग माझ्याकडे. “तू?”

“मी रचतो,” मी म्हणालो. खरंच तेवढंच करत होतो.

त्यानं यावर बराच विचार केला. “रविवारी. नऊला,” म्हणाला, आणि गेला.

आम्हाला वाटलं, झापायला बोलावलंय. माफीचा तिळगूळ डब्यात भरून आम्ही दोघं रविवारी हजर. पाहतो तर हॉलमागच्या मैदानावर तो म्हातारा बॅट घेऊन उभा. शेजारी लोकरी टोपी घातलेली एक ठेंगणी बाई, मोठ्या थर्मासमधून कॉफी ओतत. तो क्लबाचा अध्यक्ष, ती चिटणीस. आम्ही त्यांना कायम तसंच म्हटलं, आणि इथेही तसंच म्हणणार आहे. डबा घेऊन चिटणीसबाईंनी एक लाडू तोंडात टाकला, दात शाबूत आहेत का ते जिभेनं तपासलं आणि म्हणाल्या, “हे लोक चालतील.”

क्लबाचा इतिहास मला पुढच्या काही उन्हाळ्यांत अध्यक्षांकडून तुकड्यातुकड्यानं कळला. ते इथेच जन्मलेले, इंग्रजीच बोलायचे, पण तार पाठवत असल्यासारखे, शब्दागणिक पैसे पडतात अशा बेतानं. त्यांच्या वडिलांच्या पिढीतल्या लाकूडतोड्यांनी आणि खाणकामगारांनी मिळून हा क्लब काढला. जंगलात दिवसभर कुऱ्हाड चालवून संध्याकाळी पुन्हा व्यायाम करायची हौस कुणाला असेल, असं मी विचारलं. “आम्हाला,” अध्यक्ष म्हणाले.

एका छताखाली त्यांचे सगळे खेळ चालायचे, आणि मग एकेक करून गेले. कुस्ती गेली, कारण सारख्या वजनाचे दोघे उरले नाहीत. जो उरला तो बरीच वर्षं बिनविरोध चॅम्पियन होता. कसरतींमधला माणसांचा मनोरा गेला, कारण सगळेच खालच्या थराच्या वयाचे झाले. रस्सीखेच गेली, दोरीच्या दुसऱ्या टोकाला कुणी नव्हतं म्हणून. हॉलच्या पाठीमागे स्कीवरून उडी मारायला फळ्यांचा उंच उतार होता. तो पावसानं कुजला, आणि शेवटचा उडी मारणारा गडी फळ्यांसकट खाली आला. “लांब गेला,” अध्यक्ष आदरानं म्हणाले. “सगळ्यांत लांब.” तो गडीही मला दाखवला. मैदानाच्या कडेला खुर्ची टाकून बसलेले, ठार बहिरे, प्रत्येक चेंडूला टाळ्या वाजवणारे आजोबा. आपल्याच संघाला टाळ्या वाजवायच्या असं काही त्यांच्या मनात नव्हतं.

उरला होता फक्त त्यांचा तो फिनिश बेसबॉल. त्यात चेंडू टाकणारा फलंदाजाच्या अंगाशीच उभा राहतो आणि चेंडू सरळ वर, आकाशात उडवतो. तो खाली येताना बडवायचा, आणि मग धावायचं तर सरळ नाही, नागमोडी, या टोकाकडून त्या टोकाकडे. झेल घेतला तर गडी बाद होत नाही, ‘जखमी’ होतो. मेला तो वेगळा, जखमी वेगळा. हा फरक समजायला आम्हाला एक उन्हाळा लागला आणि समजल्यावर आम्ही वेडेच झालो. मंडळातले दहा-बाराजण यायला लागले. पुणेकर आधी नियमांवर वाद घालायचे, मग धावायचे. नागपूरकर प्रत्येक फटक्याला “अबे धाव ना बे!” ओरडायचा आणि बहिरे आजोबा टाळ्या वाजवायचे. माझी मुलगी तेव्हा शाळेत होती. ती ओरडायची, “बाबा, रन! नॉट दॅट वे! द अदर अदर वे!” चिटणीसबाई हसून हसून कॉफी सांडायच्या.

पण नुसतं खेळून कुणी सभासद होत नसे. तीन उन्हाळे न चुकता यावं लागे. तेवढी चिकाटी आम्हा दोघांनीच दाखवली, नागपूरकरानं आणि मी. जुन्यांपैकी बाकीचे एव्हाना गेले होते, तेव्हा सभासद उरले पाच : अध्यक्ष, चिटणीसबाई, बहिरे आजोबा आणि आम्ही दोघं. आणि पाच हाच आकडा महत्त्वाचा होता.

त्यांची वार्षिक सभा उन्हाळ्यातल्या सर्वांत मोठ्या दिवशी, हॉलच्या सौनात भरायची. सगळ्यांनी पोहण्याच्या कपड्यांत लाकडी बाकांवर बसायचं. अध्यक्ष एकच प्रश्न विचारणार : क्लब चालू ठेवायचा का? ठेवायचा असेल त्यानं हात वर करायचा. पाच हात वर आले नाहीत तर क्लब बंद. ज्याचा विरोध असेल त्यानं बोलायचं नाही, वाद घालायचा नाही, उठून बाहेर जायचं. दार उघडलं की मत पडलं. इतकी शांत पद्धत मी जन्मात पाहिली नव्हती. आमच्या मंडळाची एक सभा त्यांना दाखवली असती तर ते बापजाद्यांच्या फिनलंडला निघून गेले असते.

आता माझी पद्धत सांगतो. मी अकोल्याचा. आमच्या कॉलनीच्या बैठकीत पाण्याच्या टाकीवरून किंवा भिंतीवरून हात वर करायची वेळ आली की माझे वडील उठायचे आणि म्हणायचे, “मी जरा चहाचं बघून येतो.” चहा घेऊन परत यायचे तेव्हा निर्णय झालेला असायचा, आणि दोन्ही बाजूंचे लोक त्यांच्या हातून कप घेताना त्यांना आपलाच समजायचे. हे मी इतकं जवळून शिकलो की पुढे इथल्या मंडळात कार्यकारिणीची निवडणूक असो की स्नेहसंमेलनाचा मेनू, हात वर व्हायला लागले की मी चहापाशी. सगळे मला चांगला माणूस म्हणतात, कारण मी कुणाच्या विरुद्ध मत दिलेलं कुणी पाहिलेलं नाही.

सहा वर्षांपूर्वी सभेच्या आदल्या आठवड्यात अध्यक्षांनी मला गाठलं. “शनिवारी,” म्हणाले. “हात.” मग, त्यांच्या मानानं भाषणच केलं : “मी असेपर्यंत चालू दे. मग काय ते करा.”

“हो,” मी म्हणालो.

दोन दिवसांनी चिटणीसबाईंनी मला गाडीपाशी थांबवलं. गुडघा चोळत म्हणाल्या, “मी थकले रे. ते छत, त्या पायऱ्या, ही दर रविवारची कॉफी. सगळे जिवंत असताना, एकत्र जेवून, हसत बंद करावा असं मला वाटतं. नाहीतर एक दिवस एकटीनं दिवे बंद करून कुलूप लावावं लागेल. त्याला सांगायची हिंमत होत नाही. बालवाडीपासून ओळखते त्याला.” जरा थांबून म्हणाल्या, “तू बाहेर जाशील? तुला तो काही म्हणणार नाही.”

“हो,” मी म्हणालो.

घरी बायकोला सांगितलं. ती म्हणाली, “दोघांनाही हो म्हणालास?”

“हो.”

“धन्य आहे!”

शनिवारी सौनात शिरलो. बर्चच्या पानांची जुडी पाण्यात भिजत ठेवलेली. नागपूरकर माझ्या कानात, “ही भाजी कोण निवडणार?” ती अंगावर मारून घ्यायची असते हे कळल्यावर तो गप्प झाला. बहिरे आजोबा सर्वांत वरच्या बाकावर, डुलक्या घेत. अध्यक्षांनी एक ओगराळं टाकलं. दुसरं टाकलं. वाफ आली, छान वाटलं. मी बारावीचा अभ्यास मे महिन्यात अकोल्याला पत्र्याच्या खोलीत केलेला माणूस. तिथे पंखा बंद पडला की याहून जास्त व्हायचं.

अध्यक्षांनी तिसरं ओगराळं टाकलं आणि विचारलं, “क्लब चालू ठेवायचा?”

त्यांचा हात वर. नागपूरकराचा हात वर. बहिऱ्या आजोबांना चिटणीसबाईंनी कोपरानं ढोसलं, त्यांनी टाळी वाजवली आणि मग हात वर केला. चिटणीसबाईंनी माझ्याकडे पाहत हळूच स्वतःचा वर केला. उरलो मी. चार चेहरे माझ्याकडे. आणि मला, देवाशपथ सांगतो, चहाची आठवण झाली.

माझे पायच उठले. चहा नव्हताच तिथे, बाहेर थर्मास होता. मनात एवढंच की जरा जाऊन येतो, तोवर यांचं काय ते होईल. दाराच्या मुठीवर हात होता तेवढ्यात अध्यक्षांनी घाबऱ्या आवाजात विचारलं, “उष्णता?” मी कपाळाला हात लावला आणि मान हलवली. एवढंच मी केलं. मग दार उघडलं.

बाहेर कॉफी ओतताना लक्षात आलं की इथे बाहेर असणं म्हणजे तटस्थ असणं नव्हे. पण तोवर मत पडलं होतं. नागपूरकर टॉवेल गुंडाळून धावत आला. “अबे, हात वर करायला सांगितला होता, कपाळाला नाही!”

क्लब बंद झाला. पोटभर जेवण झालं, हसत झालं, चिटणीसबाईंना हवं होतं तसं. हॉल विकला गेला, आता तिथे पिकलबॉल खेळतात. नागपूरकर नोकरी बदलून जर्सी सिटीला गेला. बहिरे आजोबा झोपेत गेले. पुन्हा सर्वांत लांब.

आणि माझी शिक्षा सुरू झाली. दुसऱ्याच रविवारी अध्यक्ष दारात. हातात वेलची घातलेला, वेणीसारखा विणलेला गोड पाव, स्वतः भाजलेला. “माझी चूक,” म्हणाले. “जास्त टाकलं.” मी तोंड उघडलं, आणि ‘हो’ म्हणायची सवय असलेल्या तोंडातून ‘नाही’ निघेना. मी पाव घेतला. तेव्हापासून दर महिन्याला एक पाव.

नाताळात चिटणीसबाई आल्या. स्वतः विणलेले जाड लोकरीचे मोजे दिले, डोळे मिचकावले, आणि हळूच म्हणाल्या, “चक्कर आल्याचं नाटक फार छान केलंस. त्याला दुखवलं नाहीस.” दर नाताळात एक जोड. अध्यक्षांना त्या अजून टोमणे मारतात, “तुझ्या त्या ओगराळ्यानं क्लब बुडाला!”, म्हणजे खरी गोष्ट कळू नये. आणि मी एकाचा पाव खात, दुसरीचे मोजे घालून, दोन्हीपैकी काहीही न केलेला माणूस.

हे असंच चाललं असतं. पण परवा अध्यक्षांकडे गेलो होतो. त्यांच्या घरामागे छोटा सौना आहे. मला म्हणाले, बस थोडा वेळ. बसलो. त्यांनी ओगराळं उचललं, अर्धं भरलं, त्यातलंही थोडं परत बादलीत ओतलं, आणि दगडांवर असं हलकेच शिंपडलं, जसं कुणी तुळशीला घालावं. वाफ आलीच नाही. “हल्ली एवढंच,” म्हणाले. “एकदा चुकलो ना.” आणि हात मांडीवर ठेवून बसून राहिले.

घरी आलो तर मुलगी सुट्टीला आलेली. तिला सगळं सांगितलं, आयुष्यात पहिल्यांदा. तिनं ऐकलं आणि म्हणाली, “बाबा, यू किल्ड अ क्लब टू चेक ऑन टी?” मग हसत हसत सोफ्यावरून खाली घसरली. बायको म्हणाली, “हसतेस काय, तुझे आजोबाही असेच होते.” मुलगी डोळे पुसत म्हणाली, “जस्ट टेल हिम. प्लीज. ही इज सिटिंग इन लूकवॉर्म सौना!”

या रविवारी गेलो. अध्यक्षांच्या स्वयंपाकघरात. समोर पाव. त्यांनी कापायला घेतला, मी म्हणालो, “कापू नका. आधी ऐका.” आणि सांगितलं. वडील, कॉलनी, चहा, कपाळ, सगळं. माझं एवढं सलग बोलणं मीही कधी ऐकलं नव्हतं.

त्यांनी सुरी पावाशेजारी ठेवली.

“उष्णता नव्हती?”

“नाही.”

“बसू शकला असतास?”

“स्वेटर घालून.”

ते उठले. मला वाटलं आता सुरी घेऊन बाहेर काढणार. त्यांनी फोन उचलला, नंबर फिरवला आणि ओरडले. त्यांना ओरडताना मी प्रथमच ऐकलं. “गरम नव्हतं! माझं ओगराळं बरोबर होतं!”

दोन घरं पलीकडून चिटणीसबाई स्वतःची गाडी काढून आल्या. त्यांनाही सांगावं लागलं. त्या कमरेवर हात ठेवून उभ्या राहिल्या. “म्हणजे तू माझ्यासाठी बाहेर गेला नव्हतास?”

“नाही.”

“मग मोजे?”

“फार उबदार आहेत.”

“ते नाही विचारलं मी!”

अध्यक्षांनी हळूच मान वळवली. “तुझ्यासाठी कशाला गेला असता?”

आणि आता चिटणीसबाई लाल. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, पावाकडे पाहिलं, खिडकीबाहेर पाहिलं. शेवटी म्हणाल्या, “भट्टी पेटव. उभ्यानं नाही बोलायचं मला.”

भट्टी तापायला वेळ लागला. अध्यक्ष शीळ घालत लाकडं टाकत होते. मग आम्ही तिघं आत. मी अध्यक्षांची जुनी चड्डी नाडीनं आवळून बसलेलो.

“प्रश्न राहिलाय,” अध्यक्ष म्हणाले. “त्याचं उत्तर मिळालंच नव्हतं.” आणि पाठ ताठ करून, सभेतल्या आवाजात, माझ्याकडे पाहून : “क्लब चालू ठेवायचा?”

मी घाबरलो. आणि एकाएकी लक्षात आलं की मला काय हवंय हे कुणी विचारलं नव्हतं, आणि मी स्वतःलाही विचारलं नव्हतं. मला त्या रविवारच्या सकाळी हव्या होत्या. या टोकाकडून त्या टोकाकडे नागमोडी धावणं, चुकीच्या दिशेला पळालो म्हणून सगळ्यांनी ओरडणं, जखमी होऊन हसत बाहेर बसणं. मी हात वर केला. छताला लागेपर्यंत.

अध्यक्षांचाही वर गेला.

आम्ही दोघांनी चिटणीसबाईंकडे पाहिलं. त्यांनी आमच्याकडे. मग त्या गुडघ्यावर हात टेकून उठल्या, दारापाशी गेल्या, मूठ धरली, आणि वळून अगदी साळसूदपणे म्हणाल्या, “मी जरा कॉफीचं बघून येते.”

दार उघडलं. गार वारा आत आला.

“मत पडलं,” अध्यक्ष म्हणाले. त्यांचे खांदे हलायला लागले. मला वाटलं रडतायत. हसत होते. मीही सुटलो. बाहेरून चिटणीसबाईंचं हसणं ऐकू येत होतं, थर्मासचं झाकण जमिनीवर पडल्याचा आवाज आला, आणि त्यावर आणखी हसणं.

“दार लाव!” अध्यक्ष ओरडले. मग ओगराळं उचललं. काठोकाठ भरलं. क्षणभर तसंच हातात धरलं, आणि दगडांवर पालथं केलं. फस्सकन वाफ छताला लागली आणि आमच्या पाठींवर उतरली.

डोळे मिटूनच त्यांनी विचारलं, “कसं?”

“कमी आहे,” मी म्हणालो. “आणखी एक टाका.”